भाड्याच्या घरातला टीव्ही: डिश कुणाची, वायर कुणाची, जबाबदारी कुणाची?

प्रतिनिधी, मुंबई

घर भाड्याने घेताना आपण पाण्याची वेळ विचारतो, विजेचे मीटर स्वतंत्र आहे की नाही ते पाहतो, अनामत रक्कम आणि महिन्याचे भाडे यांवर चार-चार दिवस घासाघीस करतो. टीव्हीचा विचार मात्र कुणी करत नाही. बैठकीच्या खोलीत टीव्ही लावण्यापुरती भिंत दिसली की तो प्रश्न सुटला, असे गृहीत धरले जाते. मग सामान येते, टीव्ही भिंतीवर चढतो आणि डिश बसवायला आलेला तंत्रज्ञ खिडकीतून बाहेर पाहून मान हलवतो. या बाजूला सिग्नल मिळणार नाही, डिश गच्चीवर लावावी लागेल, असे तो सांगतो. गच्चीच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे. सचिव म्हणतात, मालकांचे पत्र आणा. मालक म्हणतात, मी घर दिले, टीव्हीचे काय ते तुमचे तुम्ही बघा.

मुंबई-ठाणे-पुण्यात भाड्याने राहणाऱ्या असंख्य कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. रक्कम फार मोठी नसते, पण घरात दिवसभर एकटे राहणारे वृद्ध आई-वडील असले की टीव्ही ही चैन उरत नाही. शिवाय वाद केवळ चित्र दिसण्यापुरता राहत नाही. गच्चीला पाडलेले भोक, भिंतीतली तुटलेली केबल, आधीच्या भाडेकरूची थकबाकी, परत न केलेला सेट-टॉप बॉक्स अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी घर सोडताना अनामत रकमेतून कापल्या जातात, तेव्हा त्यांची किंमत कळते. म्हणूनच टीव्हीचे प्रक्षेपण घरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हे समजून घेणे आवश्यक आहे.

कायद्यात टीव्ही कुठे आहे?

सरळ उत्तर द्यायचे तर कुठेच नाही. राज्यात घरभाड्याचे संबंध प्रामुख्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने नियंत्रित होतात. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. घरमालकाने अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा तोडू नये अथवा रोखून धरू नये, असे त्याच्या कलम २९ मध्ये म्हटले आहे. अत्यावश्यक सेवा कोणत्या, याचेही स्पष्टीकरण तेथे आहे. पाणी, वीज, जिन्यातील व मार्गिकेतील दिवे, उद्वाहन अर्थात लिफ्ट आणि सफाई वा मलनिस्सारणाची सेवा यांचा त्यात उल्लेख आहे. केबल किंवा डिश यांचा नाही. ही यादी ‘समावेशक’ स्वरूपाची असल्याने तीत आणखी काही बसवता येईल, असा युक्तिवाद करणे शक्य आहे. परंतु केवळ त्या युक्तिवादावर विसंबून भाडे रोखणे शहाणपणाचे ठरणार नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यातील अत्यावश्यक सेवांच्या व्याख्येत पाणी, वीज, नळाद्वारे येणारा गॅस यांच्याबरोबर संपर्काच्या जोडण्यांचाही समावेश आहे. काळाची पावले कोणत्या दिशेने पडत आहेत हे त्यावरून दिसते. पण तो केवळ आदर्श मसुदा आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय त्याचा आधार भाडेकरूला घेता येत नाही.

माहिती मिळवण्याचा नागरिकाचा हक्क हाही एक मुद्दा अनेकदा पुढे केला जातो. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून माहिती मिळवण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले. मात्र तो वाद प्रक्षेपणावरील सरकारच्या मक्तेदारीचा होता. त्या निकालाच्या बळावर घरमालकाला ‘डिश बसवून द्या’ असे सांगता येणार नाही.

मग भाडेकरूच्या हाती काय उरते? उरतो तो करार आणि मालमत्तेचा साधा नियम. जी वस्तू ज्याची, तिची देखभाल त्याची. हा नियम टीव्हीला लावायचा, तर सिग्नल घरात येतो कसा, हे आधी पाहावे लागते.

छतापासून पडद्यापर्यंत तीन टप्पे

डिश असो वा केबल, टीव्हीपर्यंतचा मार्ग तीन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा इमारतीच्या बाहेरचा आणि सामाईक जागेचा. गच्ची, बाहेरची भिंत, जिना आणि तारा नेण्यासाठी ठेवलेली पोकळी म्हणजे डक्ट त्यात येतात. दुसरा टप्पा घराच्या आतला. भिंतीत पुरलेली केबल, प्रत्येक खोलीतील सॉकेट आणि जोडणी विभागणारे यंत्र यांचा तो भाग. तिसरा टप्पा सेट-टॉप बॉक्स, रिमोट, मासिक वर्गणी आणि प्रत्यक्ष टीव्हीचा.

सर्वसाधारणपणे पहिला टप्पा सोसायटीच्या, दुसरा घरमालकाच्या आणि तिसरा ज्याच्या नावे जोडणी आहे त्याच्या अखत्यारीत येतो. बहुतेक भांडणांचे मूळ हे टप्पे एकमेकांत मिसळण्यात असते. बॉक्स बिघडला म्हणून मालकाला फोन केला जातो आणि भिंतीतली वायर कुजली तर खर्च भाडेकरूवर टाकला जातो.

पश्चिमेची खिडकी, पूर्वेचे उपग्रह

पहिल्या टप्प्यात सर्वांत मोठी अडचण दिशेची असते आणि तिला कुणाचाच इलाज नसतो. डीटीएच सेवेचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्याने आकाशात एकाच जागी स्थिर भासतात. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे. देशातील डीटीएच सेवांसाठी वापरले जाणारे उपग्रह मात्र ८३ ते १०८ अंश पूर्व या पट्ट्यात आहेत. प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’ सेवा ९३.५ अंश पूर्वेकडील उपग्रहावरून येते. त्यामुळे मुंबई-पुण्यात डिशचे तोंड दक्षिणेकडून पूर्वेकडे, ढोबळमानाने आग्नेयेला करावे लागते. डिशची नजर क्षितिजापासून सुमारे ४५ ते ६५ अंश वर असते.

याचा अर्थ असा की ज्या सदनिकेच्या सर्व खिडक्या पश्चिमेला किंवा उत्तरेला आहेत, तिच्या खिडकीत अथवा सज्जात कितीही चांगली डिश लावली तरी चित्र येणार नाही. समुद्राकडे तोंड असलेल्या ज्या घरांसाठी जादा भाडे मोजले जाते, त्यांचीच यात गैरसोय होते. आग्नेयेला एखादा उंच मनोरा उभा राहिला किंवा झाड वाढले, तरी वर्षानुवर्षे चाललेली डिश बंद पडू शकते. पुनर्विकासाच्या लाटेत जुन्या चार मजली इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत असल्याने ही शक्यता आता नेहमीची झाली आहे. मुसळधार पावसात चित्र गोठते तेही निसर्गाचेच काम. या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात व विखुरतात. त्यासाठी मालकाला, सोसायटीला वा तंत्रज्ञाला जबाबदार धरता येत नाही.

म्हणून घर पाहायला जाताना भ्रमणध्वनीतील होकायंत्र उघडून आग्नेय दिशा कोणत्या बाजूला येते हे पाहून घ्यावे. तेथे मोकळे आकाश दिसत नसेल, तर गच्ची किंवा केबल हे दोनच मार्ग उरतात, हे करार करण्यापूर्वीच कळेल.

गच्ची मालकाचीही नव्हे

गच्चीवर डिश लावू द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या घरमालकाला आहे, असा अनेक भाडेकरूंचा समज असतो. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत तो बरोबर नाही. गच्ची ही सामाईक जागा आहे. तिच्यावर एकट्या सदस्याचा हक्क नसतो, तर भाडेकरूचा कोठून असणार? घरमालक हा सोसायटीचा सदस्य आणि भाडेकरू हा त्या सदस्याच्या मार्फत राहणारा, अशी ही साखळी आहे. त्यामुळे परवानगीचा अर्ज सदस्याच्या सहीने जायला हवा. भाडेकरूचा अर्ज समितीने बाजूला ठेवला, तर त्यात नियमभंग झाला असे म्हणता येत नाही. मात्र सदस्याचा अर्ज कारण न देता फेटाळला, तर तो सदस्य सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागू शकतो.

सोसायटीला नियम करण्याचा अधिकार आहे. डिश कोणत्या बाजूला लावायची, तारा डक्टमधूनच न्यायच्या, दर्शनी भागावर काहीही टांगायचे नाही, अशा अटी सर्वसाधारण सभा घालू शकते. पण अट असली तर ती सर्वांना सारखी हवी. राहत्या सदस्याची डिश गच्चीवर चालते आणि भाडेकरूंच्या घरासाठी चालत नाही, हा दुजाभाव समर्थनीय नाही. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी सदस्याकडून बिनभोगवटा शुल्क घेतच असते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. हे शुल्क भरणाऱ्या सदस्याच्या घराला सामाईक सुविधा नाकारण्याचे कारण उरत नाही.

सोसायट्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. गच्चीच्या जलरोधक थराला एक भोक पडले, तर त्याची फळे सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवासी पावसाळाभर भोगतो. गच्चीची गळती दुरुस्त करण्याचा खर्च सोसायटीवर पडतो. सोसायटी तो सदस्याकडे मागते आणि सदस्य तो अनामत रकमेतून वळता करतो. म्हणून डिश गच्चीच्या लादीत खिळे ठोकून न बसवता सिमेंटच्या ठोकळ्यावर रोवलेल्या स्टँडवर बसवावी, हा साधा आग्रह दोन्ही बाजूंच्या हिताचा आहे. कठड्याबाहेर टांगलेली डिश वादळी वाऱ्यात खाली पडली, तर प्रश्न टीव्हीचा राहत नाही. ती निष्काळजीपणे बसवणाऱ्यावर आणि बसवून घेणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते.

भिंतीतल्या तारा कुणाच्या?

दुसऱ्या टप्प्यात कायदा थोडा बोलतो. भाडे नियंत्रण कायद्यात ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ चार भिंती येत नाहीत. जागेचा अधिक चांगला उपभोग घेता यावा म्हणून इमारतीला जोडलेली साधने आणि घरमालकाने पुरवलेले सामान यांचाही त्यात समावेश आहे. भिंतीत पुरलेली टीव्हीची केबल आणि तिचे सॉकेट या व्याख्येत बसतात, असे म्हणायला पुरेसा आधार आहे. घराबरोबर मालकाने टीव्ही संचच दिला असेल, तर तोही पुरवलेल्या सामानात मोडेल.

कलम १४ नुसार, करारात विरुद्ध काही ठरले नसेल, तर जागा राहण्यायोग्य व सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, त्यानंतर वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. वर्षभरात अशी कपात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक होता कामा नये. अर्थात घरात केबल पुरलेलीच नसेल, तर ती नव्याने टाकून देणे ही दुरुस्ती नव्हे. ‘आहे ते नीट ठेवा’ असे कायदा सांगतो, ‘नसलेले बसवून द्या’ असे सांगत नाही.

येथे एक मोठा ‘पण’ आहे. कलम १४ चे संरक्षण ‘भाडेकरू’ला आहे. आज शहरांतील बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने, अकरा महिन्यांच्या किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कराराने दिली जातात. बोलीभाषेत आपण त्यांनाही भाडेकरू म्हणत असलो, तरी कायद्याच्या भाषेत ते परवानाधारक असतात. त्यांना जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, केवळ वापराची परवानगी मिळते. त्यांच्या बाबतीत दुरुस्तीचा प्रश्न आला की पहिला आणि बहुधा शेवटचा आधार कराराचाच असतो. पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर परस्पर कपात करण्याचा मार्ग त्यांनी सहसा धरू नये.

याच कायद्याचे कलम ५५ मात्र दोघांनाही उपयोगी आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, असे ते कलम सांगते. तसे केले नसेल, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घर दाखवताना ‘केबल चालू आहे’ असे तोंडी आश्वासन देऊन करार कच्च्या कागदावर उरकणाऱ्या मालकांनी हे कलम एकदा वाचावे.

जोडणी कुणाच्या नावावर?

तिसरा टप्पा सर्वांत सोपा असायला हवा, पण प्रत्यक्षात अनामत रकमेवरचे वाद येथेच अधिक होतात. केबल सेवा डिजिटल झाल्यापासून प्रत्येक जोडणीला सेट-टॉप बॉक्स लागतो. मुंबईत हा बदल ऑक्टोबर २०१२ अखेर, तर पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत मार्च २०१३ अखेर लागू झाला. बॉक्स आला म्हणजे ग्राहकाचे नाव, पत्ता आणि खाते आले. ज्याच्या नावे खाते, तो सेवादात्याच्या दृष्टीने ग्राहक. वर्गणी, तक्रार आणि बॉक्स परत करण्याची जबाबदारी त्याची.

घरमालकाच्या नावावरची जोडणी वापरत राहणे सोयीचे वाटते, पण त्यात दोघांचाही तोटा संभवतो. वाहिन्या बदलायच्या झाल्या की प्रत्येक वेळी मालकाच्या भ्रमणध्वनीवर सांकेतिक क्रमांक जातो. भाडेकरूने पैसे थकवले, तर थकबाकीदार मालक ठरतो. मालकाने जोडणी बंद केली, तर भाडेकरूला सेवादात्याकडे तक्रार करता येत नाही, कारण तो ग्राहकच नसतो. याउलट आधीच्या भाडेकरूची थकबाकी नव्या भाडेकरूने भरण्याचे कारण नाही. तो करार त्या व्यक्तीशी होता, घराशी नव्हे. केबलचालक ‘या घराचे आधीचे पैसे बाकी आहेत’ असे म्हणू लागला, तर स्वतःच्या नावे नवीन जोडणी मागावी.

काही ठिकाणी, विशेषतः बंगल्यात किंवा घराच्या एका खोलीत भाडेकरू ठेवणारे मालक, आपल्याच जोडणीची एक वायर भाडेकरूच्या खोलीत सोडतात आणि महिन्याला ठरावीक रक्कम घेतात. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन जाळे नियमन कायद्यातील व्याख्येनुसार, मिळालेला सिग्नल पुढे अन्य व्यक्तीला न देता स्वतः घेणारा तो ग्राहक. तेव्हा ही ‘सोय’ नियमात बसणारी नाही.

बॉक्स विकत घेतलेला आहे की भाड्याने, हेही तपासावे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’च्या नियमांत दोन्ही पर्यायांना स्थान आहे. भाड्याचा बॉक्स सेवादात्याचा असतो आणि तो परत न केल्यास त्याच्याकडील अनामत बुडते. विकत घेतलेला बॉक्स आपला. तो नव्या घरी नेता येतो. जोडणी दुसऱ्या पत्त्यावर हलवण्याची आणि काही काळ तात्पुरती बंद ठेवण्याची विनंतीही ग्राहकाला करता येते. अकरा महिन्यांचा करार हाती असताना वर्षभराची वर्गणी एकदम भरण्याचा मोह मात्र टाळावा. नवे घर पश्चिमाभिमुख निघाले, तर उरलेले महिने वाया जाण्याची भीती असते.

वर्गणीच्या आकड्यांबाबतही गैरसमज आहेत. जाळ्याच्या वापरापोटी आकारल्या जाणाऱ्या शुल्कावर ‘ट्राय’ने पूर्वी १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली होती. ती जुलै २०२४ मध्ये उठवण्यात आली. त्यामुळे ‘सगळीकडे एकच दर’ असे मानून मालकाने सांगितलेली रक्कम देऊ नये. चालकाची पावती पाहावी. ‘डीडी फ्री डिश’ला मासिक वर्गणी नाही, पण डिश आणि बॉक्स लागतोच, आणि त्या डिशसाठी गच्चीची परवानगीही इतर डिशप्रमाणेच घ्यावी लागते.

पागडीच्या घरांत निराळा प्रश्न

गिरगाव, लालबाग, दादर येथील जुन्या पागडीच्या इमारतींत सोसायटी नसते. तेथे गच्ची, जिना, बाहेरची भिंत हे सारे घरमालकाचे असते आणि राहणारे कायद्याच्या अर्थानेही भाडेकरूच असतात. त्यामुळे कलम १४ त्यांना पूर्णपणे लागू होते. पण त्यांना दुसरी धास्ती असते. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केल्यास भाडेकरूकडून जागा परत मिळवता येते, असे कलम १६ सांगते. मग भिंतीला डिश ठोकली तर ते कायमस्वरूपी बांधकाम होते का?

कायद्याच्या स्पष्टीकरणात लाकडी आडभिंत, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धुराडे अशा काही कामांना आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केल्यास ‘कायमस्वरूपी बांधकाम’ मानले जात नाही. अँटेना किंवा डिश यांचा नामोल्लेख तेथे नाही. परंतु बांधकाम कायमस्वरूपी आहे का, हे ठरवताना ते कसे जोडले आहे, कोणत्या हेतूने केले आहे आणि मूळ वास्तूला धक्का न लावता काढता येते का, असे निकष न्यायालये लावतात. चार बोल्ट काढले की निघणारी डिश या निकषांवर कायमस्वरूपी ठरणे कठीण आहे. तरीही मालकाच्या भिंतीवर किंवा गच्चीवर काहीही लावण्यापूर्वी लेखी संमती मागावी. ती मागितल्याची पोच हाती असणे पुढे फार उपयोगी पडते.

घर सोडताना

भाडेकरूने स्वखर्चाने बसवलेली डिश त्याचीच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, भाडेकरूला ताबा असेपर्यंत आपण जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात. अट एवढीच की जागा मूळ स्थितीत परत द्यावी लागते. म्हणजे डिश न्यायची, पण भोके बुजवून आणि वायर काढून. ‘आता डिश राहू द्या’ असे मालकाने म्हटले, तर त्याची किंमत ठरवून घ्यावी किंवा ‘स्वेच्छेने सोडली’ असे लिहून घ्यावे. भिंतीतील जुनी केबल नेहमीच्या वापराने झिजली असेल, तर ती झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. सॉकेट उपटले गेले असेल, तर ती झीज नव्हे, नुकसान आहे, आणि ते भाडेकरूने भरून द्यावे.

वाद झालाच तर

दाद कुठे मागायची हे तक्रार कुणाविरुद्ध आहे त्यावर ठरते. सेवा किंवा वर्गणीबाबत तक्रार असल्यास प्रथम सेवादात्याचे ग्राहक केंद्र, नंतर त्याचा नोडल अधिकारी आणि त्यानंतर ग्राहक आयोग असा मार्ग आहे. सोसायटीने परवानगी अडवली, तर घरमालकाने सदस्य या नात्याने उपनिबंधकांकडे जावे. मालक व भाडेकरू यांच्यातील भाड्याच्या कायद्याखालील वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात, तर अन्यत्र सक्षम दिवाणी न्यायालयात चालतात. पण टीव्हीच्या केबलसाठी न्यायालयाची पायरी चढणे कुणालाच परवडणारे नाही. म्हणूनच वाद करारातच मिटवून टाकणे श्रेयस्कर.

करारात या गोष्टी लिहून घ्या

* घरात टीव्हीची केबल व सॉकेट आहेत का, किती खोल्यांत आहेत आणि ताबा देताना चालू आहेत का, याची नोंद सामानाच्या यादीत करावी.
* डिश लावायची असल्यास जागा कोणती, आणि सोसायटीची परवानगी मालक ताबा देण्यापूर्वी मिळवून देईल, असे स्पष्ट लिहावे.
* घरातील पुरलेल्या तारांची दुरुस्ती मालकाने, तर बॉक्स व वर्गणीचा खर्च भाडेकरूने करावा, अशी विभागणी लिहावी.
* जोडणी कुणाच्या नावे राहील, आणि मालकाच्या नावे असल्यास थकबाकी नसल्याची पावती जोडावी.
* भाडेकरूने बसवलेल्या वस्तू घर सोडताना कोण नेणार व भोके कोण बुजवणार, हे ठरवावे.
* ताबा घेताना आणि देताना सॉकेट, गच्चीवरील जागा व बाहेरची भिंत यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

अलीकडे अनेक घरांत टीव्हीचे कार्यक्रमही ब्रॉडबँडच्या तारेतूनच येऊ लागले आहेत. त्यामुळे डिशचा प्रश्न काही वर्षांत आपोआप मिटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ती तारही डक्टमधूनच येते, भिंतीला भोक पाडूनच आत शिरते आणि तिचेही खाते कुणाच्या तरी नावावर असते. साधन बदलले तरी सोसायटी, मालक आणि भाडेकरू यांच्या जबाबदारीच्या सीमारेषा त्याच राहतात. घर पाहायला गेल्यावर पाण्याची वेळ विचारतो तशीच ‘टीव्हीची तार कुठून येते आणि ती कुणाची’ ही चौकशीही तेव्हाच करावी. किल्ली हाती आल्यावर हाच प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याची घाई कुणालाच नसते.